दुर्बीण घेताना आधी तिपाई तपासा

महोदय,

सुट्टी लागली की मुलांसाठी हौसेने दुर्बीण येते आणि महिनाभरात माळ्यावर जाते. खोक्यावरच्या ‘५२५ पट’ या आकड्याला भुलू नका. उपयोगी वर्धन भिंगाच्या मिलिमीटरमधल्या व्यासाच्या फार तर दुप्पट असते. ६० मिमीच्या दुर्बिणीतून १२० पटींपलीकडे मोठा पण धूसर डागच दिसतो.

त्याहून जास्त घात करते लटपटती तिपाई. नळीला टिचकी मारा. दोन-तीन सेकंदांत चित्र स्थिरावले नाही, तर ती दुर्बीण घेऊच नका. स्वस्त विषुववृत्तीय माउंटची, म्हणजे ताऱ्यांच्या फिरण्यानुसार दुर्बीण वळवणाऱ्या बैठकीची, आपल्याकडे आणखी एक अडचण असते. पुण्यात त्याचा ध्रुवाक्ष (ध्रुवाकडे रोखायचा अक्ष) क्षितिजापासून जेमतेम १८.५ अंशांवर ठेवावा लागतो, आणि इतक्या कमी कोनात दुर्बिणीचा तोल सांभाळणाऱ्या प्रतिवजनाचा दांडा बऱ्याचदा तिपाईच्या पायाला अडतो.

आमच्या मते नवशिक्याने १५० मिमी आरशाची, १२०० मिमी नाभीय अंतराची (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतच्या अंतराची) डॉब्सोनियन दुर्बीण घ्यावी. तिची पेटीसारखी बैठक जमिनीवर ठेवून हातानेच फिरवायची असते. २५ मिमीच्या नेत्रिकेने (डोळा लावायच्या भिंगाने) १२०० ÷ २५, म्हणजे ४८ पट वर्धन मिळते, १० मिमीच्या नेत्रिकेने १२० पट. गुरूचे पट्टे त्यात स्पष्ट दिसतात. मात्र निरीक्षणाआधी अर्धा तास तरी ती उघड्यावर ठेवा, नाहीतर आरशाच्या उष्णतेने चित्र थरथरते. पावसाळ्यात नेत्रिका सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा, कारण भिंगांना बुरशी लागते.

एवढा खर्च झेपत नसेल, तर १०×५० ची (१० पट वर्धन, ५० मिमी भिंगे) द्विनेत्री घ्यावी. कृत्तिका तिच्यातूनच अधिक देखण्या दिसतात.

– काही हौशी आकाशनिरीक्षक, पुणे