ताई, भुकेबद्दल विचारलंत म्हणून

प्रिय ताई,

पीसीओएससाठी (हार्मोन्स बिघडून पाळी लांबते तो विकार) आहाराचा सल्ला घ्यायला पहिल्यांदा तुमच्याकडे आले तेव्हा माझ्या पिशवीत सोनोग्राफीचा रिपोर्ट होता आणि तीन वेगवेगळे डाएट चार्ट. रिपोर्ट तुम्ही नीट वाचलात, चार्ट न उघडताच परत दिलेत. मी सवयीने वजनकाट्याकडे निघाले, तर म्हणालात, "ते नंतर. दिवसभरात भूक सगळ्यात जास्त कधी लागते?"

तोवर "वजन उतरवा, पाळी आपोआप येईल" एवढंच ऐकलं होतं. भुकेची चौकशी कुणी केलीच नव्हती. संध्याकाळी सहाला, मी म्हटलं. हात थरथरतात आणि बिस्किटांचा पुडा कधी संपतो कळत नाही. नाश्ता बंद, दुपारी नुसता फळांचा रस, ही माझी शिस्त होती आणि तिचा मला अभिमानही होता!

मग तुम्ही कागदावर दोन बाण काढलेत. साखर पेशींत नेणाऱ्या इन्सुलिन या हार्मोनला पेशी दाद देत नाहीत, म्हणून शरीर ते जास्त बनवतं. एक बाण अंडाशयाकडे: वाढलेलं इन्सुलिन तिथे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढवतं. दुसरा यकृताकडे: टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन तिथे कमी तयार होतं, म्हणून ते जास्त मोकळं सुटतं. हनुवटीवरचे केस आणि लांबणारी पाळी, दोन्ही एकाच कागदावर बसली. मानेवरचा काळेपणाही इन्सुलिनचाच. चार वर्षं मी तो मळ समजून घासत होते हो. आणि रिपोर्टमधल्या ज्या 'सिस्ट'नी झोप उडवली होती, त्या गाठी नव्हेतच, वाढ अर्ध्यावर थांबलेल्या बीजपुटिका (बीजाच्या इवल्या पिशव्या), हे ऐकून त्या रात्री मी शांत झोपले.

आहार सांगितलात तो इतका साधा की मी थोडी हिरमुसलेच. नाश्त्याला प्रथिनं हवीतच, रसाऐवजी अख्खं फळ, धान्य कोंड्यासकट, अर्धं ताट भाजी, जेवल्यावर दहा मिनिटं चालणं. दूध सोडू? ग्लुटेन सोडू? मी हट्टाने विचारत राहिले. मला बहुतेक शिक्षाच हवी होती. पीसीओएसच्या 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही कुठलाच एक आहार सरस ठरवलेला नाही, हे तुम्ही न कंटाळता दोनदा सांगितलंत. जो वर्षानुवर्षं निभेल, तो आपला.

आणखी एक. आहार हे तुमचं काम, तरी "तीन महिने पाळी आली नाही तर माझ्या भरवशावर बसू नका, गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं," असं बजावून तुम्ही मला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पिटाळलंत. गोळ्या सुरू झाल्या तेव्हा मी रडले, आणि तुम्ही फक्त विचारलंत की मेटफॉर्मिनच्या गोळ्यांनी बी-12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, तर ते कधी तपासणार.

सगळं बरं झालंय असं नाही. हनुवटीवरचे केस आहेत तिथेच आहेत. वजन 76 वरून 72 वर आलं आणि तिथेच अडलंय. पण वहीत पाळीच्या तारखांमधलं अंतर आधी 97 दिवस होतं, मग 61, मग 43, आणि यावेळी 36.

काल कामात होते, घड्याळ पाहिलं तर सव्वासात. सहा वाजून गेले होते आणि मला कळलंच नव्हतं. हे आधी तुम्हालाच सांगावंसं वाटलं.

तुमची,
दोन बाणांचा कागद अजून जपून ठेवलेली पेशंट