हळू भाग हळूच राहू द्या

महोदय,

गेले तीन रविवार आपल्या पुरवणीत एका नव्या पोस्ट-मेटल (हेवी मेटलचाच संथ, लांबलचक गाण्यांचा प्रकार) अल्बमवरून जुंपली आहे. आधी परीक्षण आलं. मग 'ही तर आयसिस या बँडची झेरॉक्स' असं एका वाचकाचं पत्र आलं, आणि त्यावर दुसऱ्याचं चिडकं उत्तर की आयसिस तरी कुठली अस्सल, ती न्यूरोसिसची झेरॉक्स. अल्बमचं नाव मी पुन्हा घेत नाही. त्याची पुरेशी जाहिरात झाली आहे, आणि माझं म्हणणं त्या एकापुरतं नाही.

मी २६ वर्षं ध्वनिमुद्रणाचं काम करते. दिवसभर लोकांच्या बोलण्यातले श्वास आणि खाकरणं कापायचं आणि रात्री घरी हे संगीत ऐकायचं, असा माझा क्रम. माझा भाचा याच संगीताचा भक्त आहे, पण माझ्या स्पीकरवर ते सुरू झालं की म्हणतो, 'मावशीचं बांधकाम सुरू झालं.'

झेरॉक्सचा हिशेब एकदा मांडूनच टाकू. न्यूरोसिस १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये हार्डकोर पंक बँड म्हणून सुरू झाला. पुढे त्यांनी वेग उतरवला, गाणी दहा-दहा मिनिटांची केली, कीबोर्ड आणि सॅम्पल, म्हणजे आधीच मुद्रित केलेले ध्वनींचे तुकडे, आणले. १९९७ साली बोस्टनमध्ये आयसिस उभा राहिला, त्याने तो पसारा घेतला आणि त्यात मोकळी हवा भरली. २००२ चा 'ओशनिक' आणि २००४ चा 'पॅनॉप्टिकॉन' ऐकून किती पोरांनी गिटारचा सूर खाली उतरवला असेल, त्याची गणती नाही. पण न्यूरोसिसही आभाळातून पडला नव्हता. बर्मिंगहॅमच्या गॉडफ्लेशने १९८९ मध्ये ड्रमर न घेता नुसत्या ड्रम मशीनवर तो संथ, निर्दय ठोका वाजवून दाखवला होता. झेरॉक्सची झेरॉक्स शोधत मागे जायचं ठरवलं तर मूळ कागद कधी हाती लागणार नाही.

तरी वाद मिटेना, म्हणून मी घरीच एक खोडी काढली. भाचा आणि त्याचे दोन मित्र बसले होते. मी पाच बँडच्या गाण्यांतले ऐन भरातले, गायन नसलेले ४०-४० सेकंदांचे तुकडे कापले, सगळ्यांचा आवाज एका पातळीवर आणला आणि नावं न सांगता वाजवले. त्यांत एक तुकडा या नव्या अल्बमचाही होता. भाचा तिसऱ्या तुकड्याला उडालाच. 'हाच तो नवा अल्बम! बघ, किती उसना आहे!'

तो आयसिस होता.

मित्र हसले. भाचा जरा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, 'मावशी, तू फसवलंस. ४० सेकंदांत कसं कळणार?'

तो अगदी बरोबर बोलला, आणि आपल्याच तीन आठवड्यांच्या वादाची हवा त्याने काढली, हे त्याच्या लक्षात आलं नाही. या संगीताचा कळस कापून घेतला तर सगळे एकमेकांचे सख्खे भाऊ वाटतात: खाली लावलेली गिटार, संथ ड्रम, गुरगुरता बास. फरक असतो तो तिथवर पोचण्याच्या वाटेत. बर्लिनच्या द ओशनने २०१३ च्या 'पेलाजिअल'मध्ये समुद्राच्या पृष्ठभागापासून तळापर्यंत उतरत जाणारी रचना केली. जसजसं खाली जावं तसतसं संगीत जड होत जातं. तो अल्बम त्यांनी गायनासह आणि गायनाशिवाय, असा दोन्ही रूपांत काढला. शिकागोच्या पेलिकनने गायकाची भानगडच ठेवली नाही. बेल्जियमच्या आमेनरामध्ये कुजबुजीतून एकदम किंकाळी फुटते, आणि त्यांचा गायक रंगमंचावर बहुतेक वेळ प्रेक्षकांकडे पाठ करून उभा असतो. स्वीडनचा कल्ट ऑफ लूना 'व्हर्टिकल'मध्ये यंत्रासारखा सरळ रेषेत चालतो. कारण त्यामागची प्रेरणा १९२७ चा 'मेट्रोपोलिस' हा मूकपट. हे सगळे एकाच कळसाला पोचत असतील, पण पायऱ्या कुणाच्या सारख्या नाहीत.

आपल्या परीक्षकांनी या संथपणाची तुलना विलंबित ख्यालाशी केली. मोह होतो खरा, मलाही पूर्वी झाला होता. पण ख्यालात पुढचं पाऊल कुठे टाकायचं हे गाणारा त्या क्षणी ठरवतो, इथे बहुतेक सगळं आधीच बांधलेलं असतं. शिवाय त्याच परीक्षणात 'ड्रोन'चा उल्लेख होता आणि शेजारी चार पंख्यांच्या उडत्या यंत्राचं चित्र छापलं होतं. ड्रोन म्हणजे सलग धरून ठेवलेला सूर. चित्र निवडणाऱ्याने परीक्षण वाचलं नसावं.

आता नव्या अल्बमकडे येते. तो मला आवडला नाही, पण उसना आहे म्हणून नव्हे. त्यातलं सर्वांत लांब गाणं मी माझ्या कामाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पाहिलं. पहिली चार मिनिटं क्लीन, म्हणजे गुरगुराट नसलेली गिटार, मग स्फोट, असं परीक्षणात म्हटलं होतं. पडद्यावरच्या आवाजाच्या आलेखात मात्र चढउतार नाहीतच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वीट दिसली. मीटरवर मोजलं तर शांत भाग आणि तथाकथित स्फोट यांत जेमतेम ३ डेसिबलचं अंतर. माणसाच्या कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबल लागतात. म्हणजे चार मिनिटं वाट पाहायची आणि आलेला पाहुणा आधीपासून घरातच बसलेला! साध्या सीडीत सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजामध्ये सुमारे ९६ डेसिबलची जागा असते. इतकं मोठं अंगण असताना उंबऱ्यावर संसार मांडायचा कशाला?

हे मास्टरिंगच्या, म्हणजे अल्बमवर शेवटचा हात फिरवण्याच्या टेबलावर होतं. लिमिटर (आवाजाला ठरावीक पातळीवर अडवणारं साधन) दाबून धरला की शांत भाग वर येतो, मोठा भाग छताला चिकटतो, आणि पहिल्या ऐकण्यात सगळं जोरकस वाटतं. फायदा मात्र आता काही उरलेला नाही. स्ट्रीमिंगवर गाण्यांची पातळी सारखी केली जाते. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगला उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या आवाजाचं माप) आसपास आणतं. तुम्ही कितीही ओरडून पाठवा, तिथे तुमचा खांदा धरून खाली बसवतात. चिरडलेलं मात्र चिरडलेलंच राहतं.

तुलना करायचीच असेल तर न्यूरोसिसशी इथे करा. १९९९ च्या 'टाइम्स ऑफ ग्रेस'पासून २०१६ पर्यंतचे त्यांचे सगळे स्टुडिओ अल्बम स्टीव्ह अल्बिनी यांनी मुद्रित केले. हे गृहस्थ स्वतःला निर्माता म्हणवून घ्यायला तयार नसत, रॉयल्टी घेत नसत. माइक कुठे ठेवायचा, यावर मात्र त्यांचा सगळा जीव. ते अल्बम ऐकताना ड्रमच्या मागची खोली ऐकू येते. मे २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा मी दोन दिवस दुसरं काही लावलं नाही.

आणखी एक आठवण, विषयाला थोडी सोडून. फिलाडेल्फियाच्या रोझेटाने २००५ साली पहिला अल्बम दोन डिस्कवर काढला. एकीवर जड संगीत, दुसरीवर नुसतं वातावरण, आणि दोन्ही एकाच वेळी वाजवायच्या. मी दोन प्लेअर शेजारी ठेवून दोन्ही हातांनी बटणं दाबली. चौथ्या प्रयत्नात जमलं, तेही जवळपासच. पण ऐकणारा एवढी खटपट करील, असा त्या पोरांचा श्रोत्यावर विश्वास होता. नव्या अल्बमला मी चार मिनिटं शांत बसेन, याचीसुद्धा खात्री वाटलेली दिसत नाही.

तेव्हा परीक्षकांना एक विनंती. पुढच्या वेळी 'कोणासारखं वाजतं' याच्या आधी दोन ओळी लिहा: अल्बम सलग ऐकला की तुकड्यातुकड्यांनी, आणि हेडफोनवर ऐकला की फोनच्या स्पीकरवर. मग झेरॉक्सचा वाद खुशाल चालू द्या.

भाच्याला मी ती वीट पडद्यावर दाखवली. त्याने बराच वेळ निरखून पाहिली आणि म्हणाला, 'मावशी, म्हणजे झेरॉक्स तर आहेच, वर टोनरही जास्त पडलाय.'

आपली,
एक ध्वनिमुद्रक