गाडी घेण्याआधी एवढं वाच

प्रिय विनू,

तुझं पत्र मिळालं. नवी गाडी घेतोयस हे वाचून फार आनंद झाला. कोणती घेऊ, असं विचारलंस म्हणून माझ्या नव्या गाडीबद्दल मनातलं सगळं लिहितो.

परवा रात्री धो धो पावसात निघालो होतो. आम्ही चौघं आत, त्यामुळे बघता बघता पुढची काच आतून वाफेनं भरली. आपली जुनी गाडी आठव. नजर रस्त्यावर, हात खाली, तिसरा नॉब, टक्‌ टक्‌ दोन खटके, की हवा काचेवर. इथे मात्र आधी स्क्रीनवरची गाणी बाजूला सारायची, मग एसीचं पान उघडायचं, मग त्यात काचेचं नखाएवढं चित्र शोधायचं. तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली आणि बोट भलतीकडेच पडलं. ताशी ६० किलोमीटरनं गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते, आणि मी चांगले चार सेकंद रस्त्याकडे पाहिलंच नव्हतं. मान वर केली तर पुढच्या गाडीचे लाल दिवे अंगावर आलेले. ब्रेक वेळेत लागला, पण मागे बसलेली धाकटी घाबरून रडायला लागली. ते रडणं अजून कानातून जात नाही.

हे माझ्याच बोटांचं दुखणं नाही रे. स्वीडनमधल्या एका मोटारविषयक नियतकालिकानं २०२२ मध्ये चाचणी घेतली होती. ताशी ११० च्या वेगात चार साधी कामं करायची. २००५ सालच्या बटणवाल्या व्होल्वोत ती १० सेकंदांत उरकली. एका नव्या स्क्रीनवाल्या गाडीत ४४.९ सेकंद लागले!

शिवाय स्टेअरिंगची ओढाताण वेगळीच. सायकलवाल्याला जागा द्यायला जरा बाजूला घ्यावं, तर ते मला परत त्याच्याच दिशेनं खेचतं, का तर मी रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला. गाडीला आपोआप पट्ट्यांच्या आत ठेवणारी ही सोय रोज बंद करतो आणि दुसऱ्या दिवशी गाडी सुरू केली की ती पुन्हा हजर. मालक मी, पण माझं सांगणं एक रात्रही टिकत नाही, याचा मला खरंच राग येतो.

मागचा कॅमेरा, जोरात ब्रेक दाबला तरी चाकं अडकू न देणारं एबीएस हवेतच, त्याबद्दल तक्रार नाही. युरोपात गाड्यांना सुरक्षेचे तारे देणाऱ्या युरो एनकॅपनंही २०२६ पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या गोष्टींना खरी बटणं असण्याला गुणांकनात महत्त्व दिलंय. उशिरा का होईना, कोणाला तरी पटलं.

तू एक कर. टेस्ट ड्राइव्हला जाशील तेव्हा शोरूमच्या माणसाला शेजारी बसव आणि मोकळ्या रस्त्यावर, खाली न बघता, काचेवरची हवा चालू करून बघ. हाताला सापडली नाही, तर ती गाडी घेऊ नकोस. रंग कितीही आवडला तरी.

काय ठरलं ते लगेच कळव.

तुझा,
सुहास