हाऊजीच्या त्या चार तिकिटांबद्दल

नारायण पेठेतल्या काकूंना,
सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून नुसतं काकू. शनिवारी, 28 ऑक्टोबर 2023 ला, कोजागरीच्या रात्री तुमच्या पार्किंगमध्ये फुकट जेवून गेलेल्या चौघांपैकी मी एक. चष्मेवाला.

आम्ही सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, स्पर्धा परीक्षा देतो. तलाठी भरतीच्या फॉर्मला हजार रुपये गेले तेव्हापासून बाहेर खाणं म्हणजे दोघांत एक वडापाव. त्या रात्री झेड ब्रिजवर चंद्र बघायला गेलो होतो (त्याला पैसे पडत नाहीत). परतताना तुमच्या गल्लीत तव्यावर पावभाजीचा खडखडाट ऐकू आला आणि पाय आपोआप मंदावले. फाटकावर पाटी होती, 'वाहन लावल्यास हवा सोडली जाईल.' परभणीवाला म्हणाला, आपली तर आधीच गेलीय. आम्ही हसलो आणि तुम्ही वळून पाहिलंत.

"बाहेर काय उभे? या आत. अर्ध्या सोसायटीनं ग्रहणाचे वेध धरलेत, एवढं दूध काय कुंड्यांना घालू?"

म्हणजे उपकार आम्हीच करत होतो! आकडे पुकारणारे आजोबाही वेध पाळत होते; पण पातेल्यात तुळशीची पानं पडलीत ना, याकडे त्यांची नजर होती. दुधावर जाड साय, चारोळ्या, आणि केशराची एक काडी माझ्या पेल्याच्या कडेला चिकटलेली. ती मी बोटानं काढून चाटली. तुम्ही पाहिलंत आणि चटकन दुसरीकडे बघितलंत.

पण पत्र लिहायला बसलो ते तिकिटांमुळे. आमचा बेत होता उभ्याउभ्या खायचं आणि सटकायचं. फुकट खाताना कुणीतरी आपले पाव मोजतंय असं वाटत राहतं. तुम्ही पर्समधून चाळीस रुपये काढून डब्यात टाकलेत, हाऊजीची चार तिकिटं आमच्या हातात कोंबलीत आणि म्हणालात, "पेनं असतीलच, परीक्षावाले ना तुम्ही?" झालं. तिकीट हातात आल्यावर बसावंच लागलं. सतरंजीवरच्या मंडळींनी सरकून जागा केली. त्यानंतर आम्ही बाहेरची पोरं राहिलो नाही. साताऱ्याच्या दोस्ताची मधली ओळ लागली तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला, आता कुणीतरी विचारणार, हे कोण? आजोबांनी तिकीट डोळ्यांजवळ धरून दोनदा तपासलं आणि शंभराची नोट काढून दिली. एवढंच.

आम्ही राहतो तिथंही सोसायटी आहे. गणपतीला आमच्याकडून माणशी दोनशे घेतले, पावती अजून आहे. महाप्रसादाच्या दिवशी जिन्यातच सांगितलं, जेवण फक्त फ्लॅटमालकांना. वर्गणीला रहिवासी, पंगतीला भाडेकरू! त्या संध्याकाळी आम्ही खोलीचं दार लावून मॅगी खाल्ली. आरतीला गेलो नाही.

गावी गेलो की पुणेरी खवचटपणाचे किस्से मीच तिखटमीठ लावून सांगतो. आता तुमचं काय करायचं? खायला घालणारे भेटतात हो, देवळाबाहेरही भेटतात. पण ज्याला घातलं त्याला ओशाळं वाटू नये, याची काळजी घेणारं माणूस मी माझ्या आजीनंतर तुम्हीच पाहिलंत... म्हणजे, तुमच्यातच पाहिलं. बघा, मराठीचा पेपर असा जातो.

रूमवर तापानं पडलेल्या पाचव्यासाठी तुम्ही कडीच्या डब्यात दूध दिलंत. रात्री एक वाजून गेल्यावर तो चादर गुंडाळून गच्चीवर बसला होता. वर चंद्राचा कोपरा कुरतडलेला, खाली हा डब्याला तोंड लावून. वेधबिध त्यानं मानले नाहीत.

डबा घासून ठेवलाय. दिवाळीला गावी जायच्या आधी आणून देतो. आई फोनवर ओरडली, रिकामा देऊ नकोस. सध्या खोलीत घरच्या भुईमुगाच्या शेंगा तेवढ्या आहेत. चालतील ना?

तुमचा,
चष्मेवाला