बादलीभर पाणी ओतून बघा की!

संपादक महोदय,

वाशीतला धारण तलाव रोज बघतो, पण तो चालतो कसा ते पोरीच्या सातवीच्या प्रोजेक्टमुळे कळलं. मोठ्या भरतीला खाडीचं पाणी सखल भागापेक्षा वर येतं म्हणून तलावाच्या खाडीकडच्या तोंडावरच्या झडपा आपोआप बंद होतात, पावसाचं पाणी तलावात थांबतं आणि ओहोटीला दाब उलटला की बाहेर. तिने टबमध्ये पुठ्ठ्याची झडप लावली, ती भिजून लोळली, मग सायकलच्या ट्यूबचा तुकडा, तो गळायला लागला, शेवटी त्यावर नाणं चिकटवलं तेव्हा कुठे जमलं.

आणि आमच्या गल्लीत गटाराची नवी जाळी रस्त्यापेक्षा दोन बोटं वर बसवलीय, पाणी बाजूलाच तुंबतं! अहो, आधी बादलीभर पाणी ओतून बघायचं ना? आता म्हणे रस्ताच उचलणार.

– एक रहिवासी, वाशी