बाजारात तुरी

सोलापूर,
१७ नोव्हेंबर २०२५

चि. समीर,
अनेक आशीर्वाद.

काल अमेरिकेहून फोनवर तू म्हणालास, ट्रम्पसाहेबांचे दोन-दोन हजार डॉलर आले की नवा सोफा घेणार. रंगावरून तुझी आणि सूनबाईंची जुंपलेलीही ऐकू आली. फोन ठेवल्यावर तुझी आई म्हणाली, "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी." मी हसलो, पण रात्री कागद-पेन घेऊन बसलो. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिले, खोड जात नाही.

ट्रम्पसाहेबांची ९ तारखेची पोस्ट काय म्हणते? आयातशुल्काच्या पैशांतून माणशी किमान दोन हजार, जास्त उत्पन्नवाले वगळून, आणि वर देशाचं कर्जही फेडणार. सप्टेंबरअखेर संपलेल्या आर्थिक वर्षात तुमच्या सरकारला आयातशुल्कातून मिळाले सुमारे १९,५०० कोटी डॉलर. समज, पंधरा कोटी माणसांनाच द्यायचं ठरलं, तरी लागतात ३०,००० कोटी. बरीचशी शुल्कं वर्षाच्या मध्यात लागली, त्यामुळे यंदा वसुली वाढेल, हे कबूल. पण ३८ लाख कोटींच्या कर्जाचं काय? एकाच सातबाऱ्यावर दोन बँकांचं कर्ज काढायला निघालेत.

आणि सही कोण करणार? २०२० साली करोनाचे १,२०० डॉलर वाटले, तेव्हा आधी तुमच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा केला होता. या वेळी सिनेटर हॉली यांनी जुलैमध्ये माणशी ६०० डॉलरचं विधेयक मांडलं, ते अजून तिथेच आहे. अर्थमंत्री बेसेंट म्हणतात, हा लाभ करसवलतीच्या रूपातही असू शकतो. म्हणजे चेक येईलच असं नाही. त्यांच्या बोलण्यात एक लाख डॉलर उत्पन्नाची मर्यादाही आली आहे. तुम्हा दोघांचा पगार मी विचारत नाही, तूच बघ.

त्यात ५ तारखेला तुमच्या सुप्रीम कोर्टात या शुल्कांवर सुनावणी झाली. आणीबाणीच्या कायद्याखाली लावलेली शुल्कं उद्या बेकायदा ठरली आणि पैसे परत करायची वेळ आली, तर हक्क सांगणार कस्टममध्ये रक्कम भरणारा आयातदार. तू दुकानात जास्तीचे मोजलेस, त्याची पावती कुठे आहे?

तुला आपला जकात नाका आठवतो का? ट्रकवाला तिथे पैसे भरायचा, व्यापारी ते मालावर चढवायचा आणि आपण किराण्याच्या यादीत फेडायचो. शहराबाहेरच्या माणसाने जकात भरली असं कुणी म्हटलं असतं तर चहाच्या टपरीवर हशा पिकला असता. तुमच्याकडे मात्र परदेश पैसे भरतो म्हणतात. मग गेल्या शुक्रवारी कॉफी, केळी, गोमांसावरची शुल्कं का काढली? महागाई बोचली म्हणूनच ना!

अर्थात सगळा भार तुमच्यावरच पडतो असंही नाही. २७ ऑगस्टपासून आपल्या मालावर ५० टक्के शुल्क लागलं, तेव्हापासून कारखान्यातले जुने सहकारी भेटले की हाच विषय. तिकडचा ग्राहक म्हणतो, दर उतरवा, नाहीतर ऑर्डर दुसऱ्या देशात देतो. मालकाने उतरवला. पूर्वी तीन पाळ्या चालायच्या, आता दोन. तेव्हा तुझे ते दोन हजार खरंच आले, तर त्यातले काही अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून आलेले असतील, एवढं लक्षात असू दे.

आणि हो, 'चेकसाठी नाव नोंदवा' असा मेसेज आला तर खाते क्रमांक देऊ नकोस. असले भामटे आपल्याकडेही आहेत.

आई चादरी पाठवते आहे, पार्सलवर तुमचं शुल्क किती बसेल ते आधी विचारून कळव. जुना सोफा अजून विकला नाहीस ना?

तुझा,
बाबा