टाकीला अनुदान, स्लरीला वाली नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दौंड तालुक्यात आमच्या दारात चार संकरित गाई आहेत. त्यांचे रोजचे पन्नासेक किलो शेण तेवढ्याच पाण्यात कालवून दोन घनमीटरच्या गोबरगॅसच्या टाकीत घालते. त्यावर पाच माणसांचा दोन्ही वेळचा स्वयंपाक होतो. वस्तीवर आणखीही टाक्या आहेत, पण बऱ्याच बंद. ‘गॅसच येत नाही’ म्हणतात. जाऊन पाहावे तर पाइपात पाणी साचलेले! ओला गॅस थंड पाइपात आला की त्याचे पाणी होते; सखल जागची तोटी उघडून ते काढले की शेगडी पेटते. कुठे शेणाबरोबर वैरणीच्या काड्या जातात आणि टाकीत वर जाड थर धरतो. तासा-दोन तासांचे काम आहे. पण बांधकामाचे पैसे हातात पडल्यावर ठेकेदार फिरकत नाही आणि गावात दुसरे कुणी हे शिकलेले नाही.

त्याहून जिवाला लागते ती स्लरीची, म्हणजे गॅस निघून गेल्यावर टाकीबाहेर पडणाऱ्या पातळ शेणाची, नासाडी. गॅस होऊन जातो तो शेणातला कार्बन. नत्र, स्फुरद, पालाश जवळपास तेवढेच टाकीबाहेर येतात, आणि नत्राचा बराच भाग पिकाला लगेच लागू पडेल अशा रूपात असतो. मात्र तोच भाग उघड्यावर अमोनिया होऊन उडतो. आम्ही खड्डा झाकतो, स्लरी संध्याकाळी पाटाच्या पाण्याबरोबर उसाला सोडतो. बाकी वस्तीवर ती ओढ्याला जाते. गोठा पाइपाने धुतात, त्यात मूत्रही जाते. जनावराकडून मिळणारा बहुतेक पालाश मूत्रातच असतो. ओढा भीमेला मिळतो, भीमा उजनीला. तिथल्या जलपर्णीला आपणच खत घालतो आणि युरियाच्या गोणीसाठी दुकानासमोर रांग लावतो.

केंद्राने २०२३ मध्ये गोबरधन योजनेतल्या, म्हणजे शेण-कचऱ्यापासून गॅस करणाऱ्या, प्रकल्पांच्या खताला टनामागे १५०० रुपये साहाय्य मंजूर केले. चांगलेच झाले. पण परसातल्या टाकीची स्लरी कोण घेणार? गुजरातमध्ये आणंद जिल्ह्यातल्या मुजकुवा गावात राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या पुढाकाराने बायकांची खत सहकारी संस्था उभी राहिली. तिथे घरची गरज भागवून उरलेली स्लरी विकली जाते. आपल्या जिल्ह्यात गावोगावी दूध संकलन केंद्रे आहेत, रोजचा हिशेब आहे, गाडी आहे. दुधाबरोबर स्लरीचा हिशेब ठेवायला काय अडचण आहे?

जिल्हा परिषदेने टाकीचे अनुदान झाकलेला स्लरी-खड्डा पाहूनच द्यावे. शेवटचा हप्ता टाकी वर्षभर चालल्यावर द्यावा. आणि दूध संस्थांनी दुरुस्तीचे काम गावातल्या बायकांना शिकवावे. शेण त्याच काढतात, शेगडीही त्याच पेटवतात. बिघाड पहिल्यांदा त्यांनाच कळतो.

– एक दूध उत्पादक शेतकरी महिला,
ता. दौंड, जि. पुणे